माशीच्या कपाळावरचे कुंकू

मित्रांनो, मी टाक आहे. सागवानी दांडा, पुढे पितळी पकड आणि तिच्यात खोचलेली पोलादी नीब, एवढाच माझा संसार. जुन्या वस्तू शांत आणि क्षमाशील असतात असे तुम्ही वाचले असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी मत्सरी आहे. पांढुर्ण्याच्या ज्या टेबलावर मी राहतो त्याच टेबलावर एक टाइपरायटर राहतो, आणि त्याचे नाव काढले की आजही माझ्या पोटात दुखते.

माझा दांडा जाम नदीपलीकडच्या सावरगावात एका सुताराने तासला. बैलगाडी बनवताना उरलेला सागाचा तुकडा होता तो. यशवंतराव मॅट्रिकच्या परीक्षेला बसणार होते, म्हणून त्यांच्या वडिलांनी मला मुद्दाम करवून घेतले. वर्गातल्या बाकीच्या मुलांचे टाक दुकानातले होते, सगळे एका चेहऱ्याचे. माझ्या अंगावर मात्र बोटे टेकायला खोलगट जागा होती. तेव्हापासूनच मला वाटायला लागले की आपण काही साधेसुधे नाही.

यशवंतराव नागपूरला कॉलेजात शिकले, तेव्हा बेडकाच्या काळजापासून भेंडीच्या फुलापर्यंत सगळे मी लिहिले. पुढे ते पांढुर्ण्याच्या शाळेत सायन्सचे मास्तर झाले. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी शाळेच्या दारावर लावायचे मोठे पान माझ्याच हातचे होते. लोक थांबून थांबून वाचत होते. हेडमास्तर म्हणाले, "अक्षर आहे की मोती." मी फुगलो. कोणी कौतुक केले की फुगावे, असेच मला वाटते.

मग नलिनीबाई लग्न होऊन सौंसरहून या घरात आल्या. माहेरी त्या कशिद्यासाठी कापडावर वेलबुट्टी काढून देत. एका संध्याकाळी यशवंतराव मला घेऊन एका भुंग्याचे चित्र काढत बसले होते. नलिनीबाई चहा ठेवायला आल्या आणि पाहतच राहिल्या.

"हा भुंगा हाय का बटाटा?" त्यांनी विचारले.

यशवंतराव हसले आणि त्यांनी मला त्यांच्या हातात दिले. मित्रांनो, त्या दिवशी मला कळले की माझ्यातून केसाएवढी बारीक रेघही निघू शकते. नलिनीबाई दाब देत नसत, नुसत्या टेकवत. तेव्हापासून लिहिणे यशवंतरावांचे आणि चित्रे नलिनीबाईंची, असे ठरून गेले. दोघांच्याही हातात मीच. मला आणखी काय हवे होते?

यशवंतरावांची संत्र्याची बाग मोहगावला होती. संत्र्याची कोवळी पाने खाणारी एक अळी असते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. पुढे ती फांदीला चिकटून कोष करते आणि त्यातून फुलपाखरू निघते. सगळे बागायतदार ते कोष वेचून जाळत. यशवंतरावांच्या आई कलाबाई तर स्वतः काठी घेऊन झाडामागून झाड तपासत.

एकदा यशवंतरावांनी थोडे कोष बाटलीत घालून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवले. काहींतून फुलपाखरू निघालेच नाही. कोषाला एक बारीक भोक पडले आणि त्यातून राईच्या दाण्याएवढ्या, चकचकीत हिरव्या माश्या एकामागून एक बाहेर आल्या. त्या माशीची पिल्ले कोषाच्या आत वाढत होती आणि फुलपाखराला आतल्या आत संपवत होती. म्हणजे कोष जाळताना आमची माणसे बागेच्या राखणदारालाही जाळत होती. यशवंतरावांनी उपाय काढला. कोष जाळायचे नाहीत, बारीक जाळीच्या पेटीत ठेवायचे. फुलपाखरू आत अडकते, माशी जाळीतून उडून बागेत परत जाते.

ते हे सांगत हिंडले. कोणी ऐकेना. शेतकी खात्याचे साहेब म्हणाले, "मास्तर, गोष्ट चांगली आहे. पण शास्त्राच्या मासिकात छापून आणा, मग खाते गावोगाव सांगेल." तोपर्यंत आणखी एक हंगाम कोष जळणार होते. म्हणून यशवंतरावांनी लेख लिहायला घेतला. इंग्रजीत, आणि अर्थातच माझ्याकडून. तो लेख मी जितक्या प्रेमाने लिहिला तितक्या प्रेमाने काही लिहिले नव्हते. पानाच्या दोन्ही बाजू भरून, एकही जागा वाया न घालवता. कलकत्त्याच्या मासिकाकडे तो गेला आणि जसाच्या तसा परत आला.

सोबत लेखकांसाठी सूचनांचा छापील कागद होता. यशवंतराव तो मोठ्याने वाचू लागले आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबत गेल्या. लेख टाइप केलेलाच हवा. कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींत दुप्पट अंतर ठेवून, डावीकडे रुंद समास सोडून. कोष्टके निराळ्या कागदावर. प्राण्यांची लॅटिन नावे अधोरेखित. चित्रे जाड गुळगुळीत कागदावर, काळ्या शाईने, छापताना निम्मी केली तरी रेघा तुटणार नाहीत अशी. आणि चित्रावर वर्णनात नसलेली कोणतीही खूण नको. हस्तलिखिताचा विचार केला जाणार नाही.

माझ्या अक्षराचा विचारच केला जाणार नाही! मोत्यांचा!

असा तो टाइपरायटर आमच्या घरात आला. त्याचे मालक केशवराव नागपूरला एका कचेरीत टायपिस्ट होते. राज्यांची नवी रचना होणार आणि राजधानी नागपुरातून जाणार, हे ठरल्यावर तिथे बांधाबांध सुरू झाली आणि जुनी यंत्रे मोडीत निघाली. केशवराव निवृत्त होऊन गावी परतले ते आपले यंत्र सोबत घेऊन. लेख टाइप करून द्यायला सायकलच्या कॅरिअरवर सतरंजीत गुंडाळून त्यांनी ते आमच्याकडे आणले. नलिनीबाईंनी टेबल पुसले, जागा केली, आणि मला उचलून कोपऱ्यातल्या पेल्यात ठेवले.

मित्रांनो, काम करताना घंटी वाजवणारे मला आवडत नाहीत. ओळ संपली की हा घंटी वाजवे. मी आयुष्यात हजारो ओळी संपवल्या, कधी कोणाला कळूही दिले नाही. शिवाय त्याला एकच भाषा येत होती. मराठीचे एक अक्षर येत नव्हते, माशीचा पाय काढता येत नव्हता, आणि चूक झाली की एक्स एक्स मारून झाकायची. पण शेजारपाजारचे लोक दारात उभे राहून बघत. "काय सही मशीन हाय," असे म्हणत. मी पेल्यात उभा राहून ऐके. नव्याचे नऊ दिवस, असे मनाला सांगे. दहावा दिवस आला तरी लोक येतच होते.

एकच समाधान होते. चित्र मलाच काढायचे होते. नलिनीबाई सूक्ष्मदर्शकात पाहत, मग कागदाकडे, मग पुन्हा सूक्ष्मदर्शकात. माशीच्या मिशीचा एकेक सांधा, पंखाच्या कडेचे केस, सगळे आम्ही दोघांनी काढले. खाली मोजमापाची रेघही ओढली. टाइपरायटर त्या वेळी कापड पांघरून गप्प बसला होता. त्याच्याकडे मी मुद्दाम पाहिले नाही.

लेख तयार झाला तो पोळ्याच्या सकाळी. दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात तो मेळा, म्हणजे गावात कोणाला काही सुचायचे नाही. म्हणून पोस्टात आजच टाकायचे ठरले. बैल धुऊन, शिंगे रंगवून तयार होते आणि कलाबाई हळदी-कुंकवाची थाळी घेऊन अंगणात निघाल्या होत्या.

"आई, पाकिटाच्या कोपऱ्याले बी कुंकू लाव. चांगल्या कामाले चाललं हाय," यशवंतराव म्हणाले आणि अंघोळीला गेले.

नलिनीबाई पुरणाशी होत्या. पाकीट अजून चिकटवलेले नव्हते. पुढे काय झाले ते पेल्यातून मला दिसले नाही. कलाबाईंची पाठ आड होती. मग यशवंतरावांनी पाकीट बंद केले आणि ते धावत पोस्टात गेले. मला मात्र कोणी धुतले नाही. चित्रांची शाई साध्या शाईसारखी नसते, वाळली की दगड होते. सणाच्या गडबडीत विसरले असतील म्हणून मी वाट पाहिली. सण गेला, पावसाळाही सरत आला. यशवंतरावांची पत्रेही आता केशवरावच टाइप करून देत. माझ्या नीबेवर आधी काळा थर चढला, मग त्याच्या कडेने गंज.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा मासिकाचे पत्र आले. आत आमचे चित्र परत आलेले होते. संपादकांनी लिहिले होते की लेख आता नियमांत बसतो; परंतु माशीच्या डोक्यावर चित्रात एक तांबडी खूण आहे आणि लेखात तिचा उल्लेख नाही. ती माशीची ओळख असेल तर वर्णन द्यावे, नसेल तर स्वच्छ चित्र पाठवावे. याच माशीवर दुसऱ्या प्रांतातून एक टिपण आले आहे. आपले चित्र महिनाअखेर पोचले तर दोन्ही एकत्र छापू. न पोचल्यास एकटे तेच छापले जाईल.

चित्रात माशीच्या कपाळी, दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये, तांबडा ठिपका होता आणि त्याभोवती संपादकांनी काढलेले पेन्सिलीचे वर्तुळ.

तांबडे म्हटल्यावर मला क्षणभरही शंका राहिली नाही. टाइपरायटरची रिबीन अर्धी काळी आणि अर्धी तांबडी होती. मला बोलता येत नाही याचे इतके दुःख कधी झाले नव्हते. पण यशवंतरावांनाही तेच सुचले.

"केशवराव, तुमच्या रिबिनीचा तर नाही ना लागला हा?" त्यांनी विचारले.

केशवरावांचा चेहरा पडला. "मास्तर, मी साहेबांची कागदं टाइप करत म्हातारा झालो. माझ्या हातून कागदाले डाग नाही लागला कधी. तुम्हाले भरोसा नसन तर मशीन घेऊन जातो मी." ते खरेच सतरंजी उलगडू लागले.

मला काय वाटले म्हणून सांगू? माझ्या मनात ढोल वाजू लागले. जा, जा, असे मी म्हणत होतो. तो गेला तर लेखाचे काय, हा विचार मला शिवलासुद्धा नाही.

तेवढ्यात कलाबाई आतून आल्या. "काय झालं? काऊन भांडून राह्यले?"

नलिनीबाईंनी चित्र दाखवले. कलाबाईंनी ते हातात घेतले आणि अगदी सहज म्हणाल्या, "हे तं म्या लावलं."

"बैलाले लावलं, नांगराले लावलं, पाकिटाले लावलं," कलाबाई म्हणाल्या. "आत पाह्यलं तं ही माशी. तूच म्हणे ना का हिनं आपली बाग राखली. मंग पोळ्याच्या दिवशी तिले कोरडीच धाडू काय? वरचा पातळ कागद उचलला अन् करंगळीनं थोडकंसं टेकवलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी सगळ्यांची गत झाली. यशवंतराव आईवर रागावतील असे मला वाटले होते. ते चित्र घेऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी त्या ठिपक्यावर बोट टेकवले. मग उठून त्यांनी केशवरावांच्या हातातली सतरंजी काढून घेतली. "माझी गलती झाली. बसा," ते म्हणाले.

केशवरावांनी ब्लेडने ठिपका खरवडून पाहिला. कुंकू तेलकट होते, कागदात मुरले होते. खरवडता खरवडता माशीच्या कपाळालाच भोक पडले. आता चित्र पुन्हा काढण्यावाचून उपाय नव्हता, आणि ते उद्याच्या टपालात पडायला हवे होते.

यशवंतरावांनी आपले नवे फाउंटन पेन पुढे केले. हो, तेही त्यांनी मधल्या काळात घेतले होते. माझ्या नशिबाला काय कमी होते! नलिनीबाईंनी त्यात चित्रांची शाई भरली. चार रेघांत त्याचा घसा बसला. मग त्या पेल्याकडे वळल्या आणि त्यांनी मला उचलले. माझी नीब पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगबाई, हा तं गंजला. याले कोणी धुतलंच नाही." मग त्याच म्हणाल्या, "मीच नाही धुतलं."

बाजारात शाळकरी मुलांच्या जाड नीबा होत्या; बारीक नीब आणायला नागपूरला जावे लागले असते. नलिनीबाईंनी माझी नीब काढली, कोमट पाण्यात भिजत ठेवली, चुलीच्या बारीक राखेने अगदी हलक्या हाताने घासली आणि आपल्या पदराच्या टोकाने पुसली. कागदाच्या तुकड्यावर पहिली रेघ ओढली ती फाटली. दुसरीही फाटली. मला भीती वाटली मित्रांनो, खरी भीती. इतके दिवस दुसऱ्याचे वाईट चिंतले आणि आता मलाच काम जमले नाही तर? पाचव्या-सहाव्या रेघेला माझी दोन टोके पुन्हा जुळली.

दुपारभर आम्ही दोघे बसलो. कलाबाई दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताने थोपवत होत्या. मिशीचे सांधे, पंख, पाय, पोट, आणि शेवटी ते कपाळ. स्वच्छ, काही नसलेले. खरे सांगू का? तिथे काहीच नाही हे पाहून मलाही जरा चुकल्यासारखे झाले.

मग सोबतचे पत्र टाइप करायला केशवराव बसले. "डाग पडला होता असं लिहितो. एका शब्दात काम होते."

"डाग नोहे तो," यशवंतराव म्हणाले. "आईनं मान देल्ला त्या माशीले. तसंच लिहा."

"अन् कुंकवाले इंग्रजीत काय म्हणू?"

"कुंकूच म्हणा. ते शिकतील."

आणि टाइपरायटरने 'कुंकू' टाइप केले. त्याला माहीत असलेला पहिला मराठी शब्द, तोही आमच्या घरातला. माझ्या पोटात पुन्हा दुखले.

चित्र वेळेत पोचले. नोव्हेंबर लागला आणि नकाशावर नव्या रेघा आल्या. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो आणि आमची राजधानी भोपाळला गेली. त्या रेघा कोणत्या टाकाने ओढल्या कोण जाणे. एवढे मोठे काम कोणाला मिळाले, याचाही मला हेवा वाटलाच. पोचपावतीचे पत्र आले ते टाइप केलेले होते, पण सहीखाली एक ओळ संपादकांनी स्वतःच्या हाताने, टाकाने लिहिली होती. 'आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा.' ती ओळ यशवंतरावांनी मोठ्याने वाचली तेव्हा कलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मी टाइपरायटरकडे पाहिले. ती ओळ लिहिताना घंटी वाजली नव्हती.

लेख छापून आला. माझे चित्र निम्मे झाले होते, पण एक रेघ तुटली नव्हती. खाली नलिनीबाईंचे नाव होते. टाइपरायटरचे एक अक्षरही छापलेले नव्हते; सगळी अक्षरे छापखान्याची. मी मनातल्या मनात नाचलो. मग यशवंतरावांनी शेवटचा परिच्छेद वाचला. त्यात केशवरावांचे, 'त्यांच्या टाइपरायटरबद्दल', आभार मानले होते. माझे नाव कुठेच नव्हते. शेतकी खात्याने पुढच्या हंगामात जाळीच्या पेट्या वाटल्या, मोहगावात कोष जाळणे थांबले, घरात पेढे आले. आणि मी त्या एका ओळीवर अडून बसलो.

पुढच्या पोळ्याला कलाबाई थाळी घेऊन पुन्हा खोलीत आल्या. यशवंतराव घाईघाईने उठले.

"कागदाले नाही लावत रे बाप्पा," कलाबाई म्हणाल्या. "ज्यानं काम केलं त्याले लावतो."

आणि त्यांनी आधी टाइपरायटरला कुंकू लावले. आधी त्याला! त्याच्या कपाळाच्या पत्र्यावर चांगला ठसठशीत टिळा. मला पापण्या असत्या तर मी त्या मिटून घेतल्या असत्या. मग त्यांनी मला पेल्यातून उचलले, बोटे टेकायच्या त्या खोलगट जागेत करंगळी टेकवली, आणि क्षणभर कपाळाशी लावून पुन्हा ठेवले.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. केशवरावांनी यंत्र परत नेले नाही. माझ्यासारखेच तेही आता कामावाचून टेबलावर असते. त्याच्या रिबिनीला कोणी तेल-पाणी विचारत नाही, आणि वाळलेल्या रिबिनीचे दुःख काय ते मला गंजावरून कळते. म्हणून मित्रांनो, सांगतो. काम झाले की त्याच दिवशी वस्तू धुऊन पुसून ठेवा. सण असला तरी. माझी नीब धुवा, त्याचीही धूळ झटका. मी हे मोठ्या कष्टाने म्हणतो आहे.

पण एक गोष्ट पाहून ठेवा. टाइपरायटरचा टिळा पत्र्यावरचा होता, दुसऱ्याच दिवशी फडक्याने निघून गेला. मी सागाचा आहे. माझ्या अंगात तो मुरला. कलाबाई आता नाहीत. मला हातात घ्याल तेव्हा बोट जिथे टेकते तिथे नीट बघा, लाकूड अजून थोडे तांबडे आहे.